आठवड्याचे दोन सेंट

२३ मार्च १८६९. बोस्टनमध्ये त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. ट्रेमॉन्ट स्ट्रीटवरच्या मेथडिस्ट चर्चमध्ये बायकांची सभा बोलावलेली होती. शहरातल्या आणि आसपासच्या मंडळ्यांना निरोप गेले होते, पण त्या पावसात जमल्या आठजणी. त्यांतल्या दोघी उत्तर हिंदुस्थानात संसार करून मायदेशी परतलेल्या होत्या. एक लोइस पार्कर, दुसऱ्या क्लेमेंटिना बटलर. दोघींचे पती मिशनरी.

दोघींनी तिथली परिस्थिती मांडली. रोहिलखंड आणि अवधच्या मुलुखात मिशनरी गावोगाव हिंडतात, बाजारात उभे राहून उपदेश करतात, मुलांच्या शाळा काढतात. पण झनान्याच्या, म्हणजे घरातल्या बायकांच्या भागाच्या, दाराशी त्यांची वाट संपते. आतल्या बाईला अक्षर शिकवायचे तर बाईच हवी. ती अंथरुणाला खिळली तर तिची नाडी पाहायलाही बाईच हवी. मिशनऱ्यांच्या बायका पोरंबाळं सांभाळून जमेल तेवढे करतात, ते पुरे पडत नाही. शिकलेल्या, पूर्ण वेळ देणाऱ्या बायका तिकडे जायला हव्यात, आणि त्यांना पाठवायचे काम इकडच्या बायकांनी अंगावर घ्यायला हवे.

त्या बैठकीत पाया पडला तो ‘वुमन्स फॉरेन मिशनरी सोसायटी’चा. आठवडाभरातच घटना मंजूर झाली. सभासदाची वर्गणी ठरली वर्षाला एक डॉलर, म्हणजे आठवड्याला साधारण दोन सेंट. सोबत प्रार्थना. ‘दोन सेंट आणि एक प्रार्थना’ हेच पुढे संस्थेचे ओळखवाक्य झाले.

या दोन सेंटांची गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. मिशनच्या इतिहासात नावे राहतात ती समुद्र ओलांडून गेलेल्यांची. त्यांच्या जहाजाचे भाडे कोणी भरले, त्यांच्या शाळेचे छप्पर कोणाच्या पैशाने शाकारले, त्यांची पत्रे कोणत्या बैठकखोलीत मोठ्याने वाचली गेली, हे सहसा कोणी विचारत नाही. मेथडिस्टांच्या बाबतीत मात्र खरी करामत तिथेच घडली आहे.

ब्रिस्टलची पेनी

ही रीत बोस्टनच्या बायकांनी नव्याने शोधलेली नव्हती. ती त्यांच्या पंथाच्या जन्मापासूनची होती.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराजवळ किंग्जवूडच्या कोळसा खाणी होत्या. तिथल्या कामगारांना कोणी चर्चमध्ये बोलवत नसे आणि ते जातही नसत. अँग्लिकन पाद्री जॉन वेस्ली यांनी १७३९च्या एप्रिलमध्ये त्या भागात उघड्या मैदानावर उपदेश करायला सुरुवात केली. व्यासपीठ सोडून रानात उभे राहणे त्या काळच्या सभ्य पाद्र्याला शोभणारे नव्हते. सुरुवातीला खुद्द वेस्लींनाही ते जड गेले. पण श्रोते हजारोंनी जमले. मग त्यांच्यासाठी जागा हवी म्हणून ब्रिस्टलमध्ये ‘न्यू रूम’ ही वास्तू उभी राहिली आणि तिच्याबरोबर कर्जही उभे राहिले.

हे कर्ज कसे फेडायचे याचा विचार करायला १५ फेब्रुवारी १७४२ रोजी सभासद जमले. फॉय नावाच्या एका जहाजी कप्तानाने तोडगा सुचवला. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, पुष्कळ सभासद इतके गरीब आहेत की पेनीही देऊ शकणार नाहीत. त्यावर कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब अकराजण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, आणि त्यांना जे जमणार नाही ते माझ्या पदरचे घालीन. इतरांनीही तसेच अकरा-अकरा जण वाटून घेतले.

वसुलीसाठी घरोघर फिरू लागलेल्या या माणसांना काही वेगळेच दिसू लागले. कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कोण दारूच्या नादी लागला आहे, कोणाचे मूल तापाने फणफणले आहे. पेनी गोळा करणारा हळूहळू त्या अकरा जणांचा सुखदुःखाचा जोडीदार झाला. यातूनच मेथडिस्टांची ‘क्लास मीटिंग’ म्हणजे वर्गसभा जन्माला आली. आठवड्यातून एकदा भेटायचे, एकमेकांची विचारपूस करायची, पैसा जमवायचा आणि गरजूकडे पोहोचवायचा. लंडनमध्ये फाउंड्री या जुन्या तोफखान्याच्या इमारतीत वेस्लींनी १७४६ मध्ये गरिबांसाठी मोफत दवाखाना उघडला आणि छोट्या कारागिरांना थोडे कर्ज देणारा निधी सुरू केला. पुढच्याच वर्षी घरगुती औषधोपचारांचे स्वस्त पुस्तक काढले. या सगळ्याचा आधार होता आठवड्याची पेनी आणि आठवड्याची भेट.

सव्वाशे वर्षांनी अटलांटिकच्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या बायकांनी पेनीच्या जागी दोन सेंट ठेवले. पद्धत तीच.

थाळी फिरवायची नाही

बायकांनी स्वतःची मिशनरी संस्था काढणे ही कल्पना तोवर अमेरिकेत अगदी नवी राहिली नव्हती. यादवी युद्धाच्या काळात गावोगावच्या बायकांनी जखमी सैनिकांसाठी पैसे, कपडे, मलमपट्ट्या जमवल्या होत्या. हिशेब ठेवणे, सभा चालवणे, माल पाठवणे हे सारे त्यांच्या हाताखालून गेले होते. बोस्टनमध्येच काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या स्त्रियांनी आपले बोर्ड स्थापन केले होते. ते ज्या अमेरिकन बोर्डाशी जोडलेले होते, त्याच बोर्डाचे मराठी मिशन मुंबई आणि अहमदनगरला काम करत होते. आपल्याकडे तर या बोर्डाने १८२७ मध्येच सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईला पाठवली होती. तिची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि पुण्याला परतून १८४८ मध्ये सावित्रीबाईंसह आपली शाळा काढली. तेव्हा एकटी बाई परदेशी पाठवण्याचे उदाहरण होते, पण ते अपवाद म्हणूनच.

मेथडिस्ट बायकांची खरी अडचण घरातच निघाली. चर्चची मुख्य मिशनरी सोसायटी न्यूयॉर्कला होती आणि तिच्या सचिवांना धास्ती वाटली की, बायका वेगळा पैसा गोळा करू लागल्या तर आपली वर्गणी आटेल. त्यांचा प्रस्ताव असा की बायकांनी पैसा जमवावा आणि तो कसा खर्चायचा ते मुख्य सोसायटीने ठरवावे. बायकांनी तो मानला नाही. मिशनरी निवडायच्या आम्ही, पाठवायच्या आम्ही, हिशेब ठेवायचा आम्ही, असा त्यांचा आग्रह राहिला. शेवटी तडजोड झाली. त्यांचा कारभार त्यांच्याकडे राहिला, पण एक अट पडली: उपासनेच्या वेळी किंवा सार्वजनिक सभेत थाळी फिरवून पैसा मागायचा नाही.

त्या काळच्या अमेरिकन चर्चमध्ये मोठी वर्गणी जमायची ती रविवारच्या थाळीतच. ती वाटच बंद झाली. मग बायकांनी तेच केले जे ब्रिस्टलच्या कप्तानाने केले होते. गावोगावच्या मंडळीत एक शाखा, शाखेला एक खजिनदार, आणि खजिनदार घरोघर जाणारी. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत सभा भरायची. हिंदुस्थानचा नकाशा भिंतीवर लागायचा. बरेली, लखनौ, मुरादाबाद ही नावे ओहायोतल्या शेतकऱ्यांच्या बायका बोटाने शोधून काढायच्या. तिकडून आलेले पत्र वाचले जायचे. लहान मुलांसाठी कागदी डबे असायचे, शुभवर्तमानातल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांची आठवण देणारे. मुले त्यात आपली नाणी टाकायची. ज्या अटीने काम थांबावे असे वाटले होते, तिनेच ते प्रत्येक उंबऱ्यापर्यंत नेले.

मे १८६९ मध्ये संस्थेचे मासिकही निघाले. हॅरिएट वॉरेन या बाई त्याच्या संपादक झाल्या. मासिकाचे नाव होते ‘हीदन वुमन्स फ्रेंड’, म्हणजे मूर्तिपूजक स्त्रियांची मैत्रीण. त्या नावाबद्दल पुढे बोलू.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या वळणावर अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. माणशी एक पैसा मागत ते महाराष्ट्रभर हिंडले आणि त्या पैशांतून तळेगावला काचकारखाना उभा राहिला. दोन सेंटांची ताकद मराठी माणसाला त्या उदाहरणाने चटकन कळेल. एकाच श्रीमंताने दिलेल्या हजारापेक्षा हजार घरांतून आलेला पैसा अधिक टिकतो, कारण त्या पैशाबरोबर हजार घरांचे लक्ष येते. पहिल्या वर्षी बायकांच्या संस्थेत सुमारे साडेचार हजार डॉलर जमले.

गिधाडाच्या पिसाने लिहिलेले पत्र

पहिली मिशनरी कोण, हा प्रश्न जणू आधीच सुटलेला होता. जेम्स थॉबर्न हे ओहायोचे मेथडिस्ट मिशनरी १८५९ पासून उत्तर हिंदुस्थानात होते. १८६६ च्या एका दौऱ्यात आंब्याच्या राईत मुक्काम असताना त्यांना जमिनीवर गिधाडाचे पीस पडलेले दिसले. त्यांनी ते उचलले, चाकूने तासून त्याची लेखणी केली आणि सहज म्हणून आपल्या धाकट्या बहिणीला पत्र लिहिले: इथे येऊन मुलींची शाळा चालवशील का? इझाबेला शिक्षिका होती. आयर्लंडहून आलेल्या कुटुंबातल्या दहा भावंडांपैकी ती नववी. उलट टपाली तिने होकार कळवला. मार्ग उघडला की येईन. पण तीन वर्षे मार्ग उघडेना. दुसऱ्या संस्थांकडून जाता आले असते, पण तिला आपल्याच चर्चमधून जायचे होते.

१८६९ च्या मे महिन्यात बोस्टनच्या बायकांपुढे तिचे नाव आले, तेव्हा तिजोरीत तिला पाठवण्याइतके पैसे नव्हते. सभेत एकीने बजावले की, पैसे नाहीत म्हणून ही बाई हातची जाऊ द्यायची नाही. वेळ पडली तर आपण साध्या छिटाचे कपडे घालून बोस्टनच्या रस्त्यांवर हिंडू. ठराव झाला. तिच्यासोबत दुसरे नाव निश्चित झाले क्लारा स्वेन यांचे. त्या पस्तीस वर्षांच्या होत्या आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या. बरेलीच्या अनाथाश्रमातून स्त्री डॉक्टर पाठवा अशी मागणी आली होती.

३ नोव्हेंबर १८६९ रोजी दोघी न्यूयॉर्कहून निघाल्या. जानेवारी १८७० मध्ये मुंबईला उतरल्या आणि २० जानेवारीला बरेलीला पोहोचल्या.

बरेलीचा दवाखाना

क्लारा स्वेन यांना सामान उघडायलाही सवड मिळाली नाही. त्या आल्याची बातमी कळताच बायका तपासून घ्यायला येऊ लागल्या. पहिल्या सहा आठवड्यांतच त्यांनी शंभरावर रुग्ण पाहिले. भाषा यायची होती, औषधे मोजकी होती, आणि बोलावणे आले की पालखीत किंवा गाडीत बसून झनान्यात जायचे.

त्यांची दूरदृष्टी अशी की त्यांनी आपल्या एकटीच्या हातांवर भिस्त ठेवली नाही. १ मार्च १८७० रोजी त्यांनी सतराजणींचा वैद्यकाचा वर्ग सुरू केला. चौदा अनाथाश्रमातल्या मुली, तिघी विवाहित. १८६० च्या दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलींसाठी तो आश्रम निघाला होता. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एप्रिल १८७३ मध्ये सरकारी डॉक्टरांसमोर परीक्षा झाली आणि तेराजणींना नेहमीच्या आजारांवर उपचार करण्याचे प्रमाणपत्र मिळाले. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या पोरी वैद्य होऊन घरोघरी जाऊ लागल्या.

दवाखान्याला जागा हवी होती. मिशनच्या शेजारची जमीन रामपूरचे नवाब कल्ब अली खान यांची होती. रामपूरच्या हद्दीत मिशनऱ्याला पाऊल ठेवू देणार नाही, असा त्यांचा लौकिक. ऑक्टोबर १८७१ मध्ये मिशनची मंडळी धीर करून रामपूरला गेली. नवाबांनी पाहुणचार उत्तम केला आणि जमिनीचे नाव काढताच, बायकांच्या दवाखान्यासाठी ती आनंदाने देतो, असे सांगून टाकले. सुमारे चाळीस एकरांची बाग आणि जुनी हवेली. १ जानेवारी १८७४ रोजी तिथे रुग्णालय सुरू झाले. बायका एकट्या राहणार नाहीत हे ओळखून खोल्यांची रचना अशी केली की, रुग्णाच्या सोबत घरची माणसे राहतील आणि आपापल्या जातीच्या रीतीप्रमाणे स्वतःचे अन्न रांधतील. मुसलमान नवाबाची जमीन, अमेरिकन मेथडिस्ट बायकांचे सेंट, आणि उपचार घेणाऱ्या हिंदू-मुसलमान स्त्रिया, असा तो योग होता.

औषधाच्या चिठ्ठीवर बायबलची वचने हिंदीत आणि उर्दूत छापलेली असत. स्वेनबाईंनी आपला हेतू कधी लपवला नाही. लोकांनाही तो ठाऊक होता. त्यांनी औषध घेतले, वचन वाचले, आणि बहुतेकजणी आपापल्या धर्मातच राहिल्या.

१८८५ मध्ये राजपुतान्यातल्या खेतडीच्या राणीवर उपचार करायला त्यांना बोलावले आणि पुढे दहा-एक वर्षे त्या राजवाड्याच्या वैद्य म्हणून तिथे राहिल्या. आपले मिशनचे काम चालू राहील ही अट त्यांनी आधीच घातली होती आणि राजा अजितसिंह यांनी ती मानली. हेच अजितसिंह पुढे स्वामी विवेकानंदांचे शिष्य झाले आणि त्यांच्या शिकागो प्रवासाला त्यांनी मदत केली.

स्वेनबाईंच्या कॉलेजचे नाव मराठी माणसाला अनोळखी वाटू नये. १७ वर्षांनी, ११ मार्च १८८६ रोजी, याच कॉलेजातून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाई मिशनच्या मदतीने तिथे गेल्या नाहीत. त्यांचे पती गोपाळराव यांनी मदतीसाठी लिहिलेले पत्र ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आले, तेव्हा संपादकांनी धर्मांतराचा सल्ला दिला. पण ते पत्र न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहत बसल्या असताना वाचले आणि कोणतीही अट न घालता घराचे दार उघडे केले. मिशनची मासिके अमेरिकन घरांत पोहोचली नसती तर ते पत्र कार्पेंटरबाईंच्या हाती पडले नसते. ती मासिके ज्या सवयीने वाचली जात होती, ती सवय अशा हजारो शाखांनी लावलेली होती.

अमीनाबादची खोली, लालबागेचे कॉलेज

इझाबेला थॉबर्न लखनौला गेल्या. १८ एप्रिल १८७० रोजी अमीनाबादच्या बाजारातल्या एका खोलीत सहा मुलींना घेऊन त्यांनी शाळा सुरू केली. मुलींना शाळेत पाठवणे अनेकांना रुचत नव्हते, म्हणून दारावर काठी घेऊन एक तरुण पहाऱ्याला बसे. मुलींची संख्या वाढली, तशी लालबागेतली एक मोठी हवेली विकत घेतली. नवाबी अमदानीत ती दरबारच्या एका खजिनदाराची होती. लालबागेत हिंदुस्थानी, बंगाली आणि अँग्लो-इंडियन मुली एकाच पंगतीत जेवत. त्या काळी साहेबांच्या वस्तीत हे खपण्यासारखे नव्हते. इझाबेला यांनी ते खपवून घ्यायला लावले.

त्यांचे भाऊ जेम्स यांनी नंतर बहिणीच्या चरित्रात एक प्रसंग प्रांजळपणे सांगितला आहे. सुरुवातीला ते आपली पत्रे नकलून काढायला तिला देत. तीही करून देई. एक दिवस तिने शांतपणे म्हटले, मलाही एक नकलनवीस मिळाला तर फार उपयोग होईल. भावाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बाई माझ्या हाताखाली काम करायला आलेली नाही, माझ्या बरोबरीने आलेली आहे, तिच्या वेळेची किंमत माझ्याइतकीच आहे, हे त्यांना त्या दिवशी उमगले. पुढे बिशप झाल्यावरही त्यांनी ते उघडपणे सांगितले.

तिच्या या ताठ कण्यामागे दोन सेंटांचा हिशेब होता. तिचा पगार भावाच्या सोसायटीकडून येत नव्हता. तो बायकांच्या खजिनदारांकडून येत होता आणि तिने जबाब द्यायचा होता तो त्यांनाच. ज्या चर्चने १८८८ मध्ये निवडून आलेल्या पाच स्त्रियांना जनरल कॉन्फरन्समध्ये बसू दिले नाही, त्याच चर्चच्या स्त्रिया तोवर जवळजवळ दोन दशके सातासमुद्रापलीकडे शाळा आणि रुग्णालये चालवत होत्या.

१२ जुलै १८८६ रोजी लालबागेत कॉलेजचे वर्ग सुरू झाले. त्यामागे एका बंगाली ख्रिस्ती आईची तळमळ होती. मुलगी प्रवेश परीक्षा पास झाली, आता पुढे कुठे शिकवायचे, असे विचारत त्या माउलीने स्वतःचे पाचशे रुपये पुढे केले. अमेरिकेतल्या शाखांनी बाकीचा भार उचलला. याच लालबागेत शिकून लीलावती सिंह पुढे तिथेच प्राध्यापक झाल्या. १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या मिशनरी परिषदेत त्या बोलल्या तेव्हा अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन सभागृहात होते आणि त्यांनी त्यांचे मनमोकळे कौतुक केले. पुढच्याच वर्षी १ सप्टेंबरला इझाबेला थॉबर्न लखनौत पटकीने गेल्या. कॉलेजला त्यांचे नाव मिळाले. आजही लखनौकर त्याला ‘आयटी कॉलेज’ म्हणतात.

मुंबईच्या घरसभा आणि केडगावचे मुक्ती मिशन

मराठी मुलुखात मेथडिस्ट आले ते वेगळ्या वाटेने, पण त्यांनीही छोटी घरसभाच धरली. नोव्हेंबर १८७१ मध्ये विल्यम टेलर मुंबईला आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर सोन्यामागे धावणाऱ्यांना उपदेश केलेला हा माणूस. त्यांनी घराघरांत छोटे गट बांधले आणि १८७२ च्या सुरुवातीला त्या गटांमधून मुंबईची पहिली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. त्यांची अट एकच: अमेरिकेतून पैसा येणार नाही, मंडळीने आपला खर्च आपण चालवायचा. त्यांना येऊन मिळाले जॉर्ज बोवेन. १८४८ पासून मुंबईत राहणाऱ्या बोवेन यांनी मिशनचा पगार सोडून दिला होता. वस्तीतल्या साध्या खोलीत राहून ते ‘बॉम्बे गार्डियन’ पत्र चालवत. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. कुलाब्यातले बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे.

बायकांच्या संस्थेचे काम मुंबईत पुढे आले. १८८७ मध्ये तिने मिनी अब्राम्स यांना मुंबईला पाठवले. शिकागोच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये त्या तयार झाल्या होत्या. मुंबईत त्यांनी मुलींचे वसतिगृह चालवले. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा मागे केडगावची जबाबदारी अब्राम्सबाईंनी पेलली. अमेरिकेतल्या शाखांनी तयार केलेली बाई रमाबाईंसारख्या स्वयंप्रज्ञ मराठी स्त्रीच्या हाताखाली काम करायला गेली, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत उंच शिखर वाटते. तिथे दात्री आणि आश्रित हे नाते उरले नव्हते.

नावातला दोष

या कामात एक उणीव होती आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. मासिकाच्या नावातच ती होती. हिंदुस्थानातली स्त्री म्हणजे अंधारात पडलेली, वाट पाहणारी, मुकी, अशी प्रतिमा अमेरिकन शाखांत वर्षानुवर्षे रंगवली गेली. दया वाटावी म्हणून चित्र गडद केले जाई. या संस्थेची पहिली मिशनरी बाई पोहोचण्याच्या बावीस वर्षे आधी पुण्यात सावित्रीबाई शेणाचे गोळे झेलत शाळेत जात होत्या, हे त्या सभांना माहीत नव्हते. रमाबाई आणि आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या, तेव्हा कुठे श्रोत्यांपुढे बोलणारी, वाद घालणारी, स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी हिंदुस्थानी स्त्री उभी राहिली. १८९६ मध्ये मासिकाचे नाव बदलले आणि त्यातला तो शब्द गेला. उशिरा का होईना, संस्थेला स्वतःचे जुने बोलणे खटकले.

धर्मांतराचा हेतूही होता, आणि तो उघड होता. त्याबद्दल आपली मते वेगवेगळी असतील. पण दीडशे वर्षांनंतर उरले काय, हे पाहिले पाहिजे. बरेलीला क्लारा स्वेन रुग्णालय उभे आहे. लखनौला थॉबर्नबाईंचे कॉलेज उभे आहे. शिकून गेलेल्या मुलींमध्ये हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. १९३९ मध्ये अमेरिकेतली प्रमुख मेथडिस्ट चर्चे एक झाली, आणि त्यापाठोपाठ बायकांची ती जुनी संस्था मोठ्या संघटनेत विलीन झाली. पण तिने उभारलेल्या संस्था इथल्या लोकांच्या झाल्या.

हे टिकले कशाने? माझे उत्तर स्पष्ट आहे. पैसा थोडा होता, पण नियमित होता. तो देणाऱ्याच्या घरी जाऊन मागितला जात होता, त्यामुळे देणारी बाई कामाशी बांधली गेली. आणि खर्चाचा अधिकार त्यांनी कोणाच्या हाती दिला नाही. स्थानिक मंडळीचे समाजकार्य या तीन पायांवर उभे राहते. यातला एक जरी पाय मोडला तरी मोठी देणगी, मोठी इमारत आणि मोठा समारंभ ते काम वाचवू शकत नाही.

म्हणून मुंबई, पुणे आणि इतर गावांतल्या मेथडिस्ट मंडळ्यांना, तिथल्या महिला मंडळांना एक विनंती. तुमच्या चर्चच्या कपाटात जुन्या वर्गणीच्या वह्या असतील, सभांची इतिवृत्ते असतील, कोणी आजीने चार आणे दिल्याची नोंद असेल. वाळवीने खाण्याआधी ती बाहेर काढा, त्यांची छायाचित्रे घ्या, एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संशोधकाकडे सोपवा. बिशपांची चरित्रे लिहिली गेली आहेत. चार आणे देणाऱ्या बायकांचा इतिहास अजून लिहायचा आहे, आणि तो फक्त तुमच्याच कपाटात आहे.